रिकाम्या वाळूचं चित्र

चित्रकलेकडे मी रागाने वळले. लोक म्हणे निसर्ग बघून वळतात, कुणाच्या प्रेमात पडून वळतात. मी माझ्याच पत्रकात बांधून आलेला सुका जवळा बघून वळले.

आधी पत्रकाचं सांगते. अलिबागच्या खालच्या अंगाला आमचं गाव आहे. तिथे किनाऱ्यावर कोळणी मासळी सुकवतात, त्या जागेला खळं म्हणतात. पाऊस ओसरू लागला, नारळी पौर्णिमा झाली की प्रत्येक बाई आपापला तुकडा सपाट करते, त्यावर माती घालते, शेणाने सारवते, कडेला दगड मांडते. मग थेट मे महिन्यापर्यंत तिथे जवळा, मांदेली, वाकट्या वाळत पडतात. खळं सासूकडून सुनेकडे येतं. कागद कुणाकडेच नाही. आणि किनाऱ्याचा जो नवा सरकारी आराखडा यायचा होता, त्याच्या कच्च्या नकाशावर ह्या सगळ्या जागेत दोनच शब्द छापले होते: रिकामी वाळू.

नकाशावाल्यांनी पाहणी केली होती भर पावसात, होड्या वर ओढलेल्या असताना. तेव्हा खळ्यांवर गुडघाभर गवत असतं. शेत मे महिन्यात बघून ओसाड ठरवण्यातलाच हा प्रकार. पण जागा एकदा रिकामी ठरली की पुढचं सांगायला ज्योतिषी लागत नाही. आधी सिमेंटची बाकं येतात. मग फरशी. मग गाड्या लावायची सोय. मग पाटी: येथे मासळी सुकवण्यास सक्त मनाई आहे.

हे सगळं मी पत्रकात लिहिलं. दोन्ही बाजूंनी, बारीक टाइपात, उद्गारचिन्हांची कंजुषी न करता. बाजाराच्या दिवशी उभं राहून वाटलं. लोकांनी घेतलंही, अगदी आदराने, दोन्ही हातांनी. पुढच्या बाजाराला आई जवळा घेऊन आली. पुडी सोडली तर आत ‘जागे व्हा!’ हा माझा मथळा, आणि त्याला जवळ्याचे डोळे चिकटलेले. काळे, बारीक, शेकडो. माझं पत्रक डोळे लावून कुणी वाचलं असेल तर ते जवळ्याने.

खळी वाचवायला गावात समिती झाली होती; मी पुडी तशीच घेऊन त्या समितीच्या काकांकडे गेले. काका एसटीतून निवृत्त झालेले. युनियनच्या काळात त्यांनी इतकी पत्रकं काढली की अजूनही घरातलं वाणसामान आणायची यादी ते ‘आमच्या मागण्या’ असं वर लिहून करतात. पत्रक कसं लिहायचं ते मला त्यांनीच शिकवलं. एक पत्रक, एक मागणी, एक शिवी. शिवी अशी की कोर्टात सिद्ध होता कामा नये. आणि नाव कुणाचंही घ्यायचं नाही, नाव घेतलं की नोटीस येते. ही सवय अशी अंगात मुरलीय की इथेही मी कुणाचं नाव घेणार नाही. मेलेल्या परदेशी चित्रकारांचंसुद्धा नाही. त्यांचेही वकील असतील.

काकांनी पुडी उलटीसुलटी करून पाहिली. “अक्षरं फार झाली,” म्हणाले. “चित्र टाक. चित्राचा कागद माणूस लगेच फाडत नाही. बघतो, मग फाडतो.”

“चित्र काढणार कोण?”

“तुझे बाबा ड्रॉइंग मास्तर ना? मग मला काय विचारतेस?”

बाबा ड्रॉइंग मास्तर होते, हे खरं. तालुक्यातल्या अर्ध्या पोरांनी एलिमेंटरी आणि इंटरमीडिएटच्या परीक्षा त्यांच्या हाताखाली दिल्या. मला सी ग्रेडही त्यांच्याच हाताखाली मिळाली. निवृत्तीनंतर ते बंगलेवाल्यांसाठी सूर्यास्त काढतात. शनिवारी रो-रो बोटीतून गाडीसकट उतरणाऱ्या मंडळींना दिवाणखान्यात सूर्यास्त लागतो. खिडकीतून दिसतो तो पुरत नाही. बाबा हे सूर्यास्त आमच्या वाडीतल्या पडवीत, पोफळींच्या सावलीत, सकाळी दहाच्या सुमारास काढतात.

“पत्रकावर मी चित्र काढणार नाही,” बाबा म्हणाले. “ती कला नव्हे. ती मागणी.”

“मग मला शिकवा. मी काढते.”

“शिकायचं असेल तर ते तिथे आहेत.” त्यांनी ब्रशने कपाटाकडे दाखवलं. “थोरांची नक्कल कर. ते कसे बघायचे ते बघ. आधी नक्कल, मग नजर, मग हात. घाई करायची नाही.”

“नकाशावरच्या हरकतींची सुनावणी दिवाळीच्या आधी आहे, बाबा.”

“मग नक्कल तरी कर.”

कपाटात जाडजूड पुस्तकं होती, वाळवीने कडा खाल्लेली. इतक्या लांबच्या, इतक्या थोर माणसांनी येऊन आमच्या खळ्याचा प्रश्न सोडवावा, अशी माझी अपेक्षा होती. आता वाटतं, त्यात त्यांचीही थोडी चूक आहे. पुस्तकात ते फार खात्रीने बोलतात.

मी पहिल्यांदा एका जर्मन बाईंना हात घातला. त्या कोळशाने आया काढायच्या. पोर गमावलेल्या, उपाशी, खांदे पडलेल्या आया. चेहरा आणि हात एवढंच उजेडात, बाकी सगळा काळोख. बघताक्षणी मनात आलं, हेच! हेच पत्रकावर पाहिजे! कित्येक दिवस मी त्यांची नक्कल करत राहिले. नखं काळी, उशी काळी. आई म्हणाली, चुलीवर स्वयंपाक करत होते तेव्हा माझ्यासुद्धा नखांत एवढा कोळसा नव्हता. शेवटी एक चित्र मनासारखं जमलं: खळ्याच्या कडेला बसलेली एक कोळीण, डोकं गुडघ्यांत, हात रिकामे. भोवती काळोख.

ते घेऊन मी खळ्यावर गेले. खळी नुकतीच सारवून झाली होती, पहिला जवळा पसरला होता. खळ्यावरच्या सगळ्यांच्या वतीने बोलणारी एक मावशी आहे. तिला कुणी निवडलेलं नाही. तिचा आवाज मोठा आहे, एवढं कारण पुरेसं आहे. मासे घेऊन आमच्याकडे ती माझ्या लहानपणापासून येते, म्हणून मी तिला मावशी म्हणते. गुडघ्यांत डोकं घातलेली बाई मी मनात तिलाच धरून काढली होती.

मावशीने चित्र हातभर लांब धरून पाहिलं.

“ही कोन गो?”

“तू.”

“मी?” तिने बाकीच्यांना हाक मारली. “आगो, इकडं या! मी मेलेली बगा!”

सगळ्या जमल्या. एकीने तोंडाला पदर लावला, रडायला नव्हे.

“माजी सासू मेली तवा पन मी अशी न्हवते बसले,” मावशी म्हणाली. “तवा तर न्हायच न्हाय. नथ कुटाय माजी? गल्यातलं कुटाय?”

“मावशी, हे दुःखाचं चित्र आहे. लोकांना तुमची दया यावी म्हणून...”

“दया आली का मंग काय व्हतं ठावं हाय? सायेब बोलतो, बिचाऱ्या, यांना इथून उचला, लांब कुटंतरी चांगल्या खोल्या बांदून द्या. न्हाय पायजे दया. नथ काड.”

कोळशात नथ काढता येत नाही. निदान त्या जर्मन बाईंनी कुठे काढलेली दिसली नाही.

मग मी इटलीकडे गेले. तिथले एक थोर गृहस्थ प्रेतं फाडून स्नायू बघायचे आणि मगच हात काढायचे. प्रेताची सोय आमच्याकडे नव्हती, पण हातांना तोटा नव्हता. मी वही घेऊन खळ्यावर बसले आणि खराट्याने जवळा उलथणारे हात काढायला लागले. मनगट उमटेपर्यंत कोपर दुसरीकडे. कोपर धरलं तर बाईच पुढच्या रांगेत.

“मावशी, हात जरा थांबव ना.”

“हात थांबला तर कावला येल. त्याला बोल थांबायला.”

“एवढंच मनगट होऊ दे.”

“तुज्या त्या म्हाताऱ्यानं मेलेल्यांचे हात का काडले, कलला काय आता?”

कळलं. पण पुस्तकात हे कारण दिलेलं नव्हतं.

काळ्या जाड रेघांत मजूर काढणारा एक डचही करून पाहिला. त्याच्या रेघेत राग होता, आणि राग मला आधीच येत होता. माझ्या रेघेत मात्र तो येत नव्हता. माझे मजूर सगळे चिडलेले नाही, पोट बिघडलेले दिसत. काकांनी एका चित्रावर बोट ठेवून विचारलं, “हा आपला की त्यांचा?” मी म्हटलं, “आपला.” ते म्हणाले, “मग ह्याला जरा बरं वाटू दे.”

सुनावणी जवळ आली होती. रोज संध्याकाळी मी पडवीत कागद फाडत होते आणि बाबा शेजारी बसून नारिंगी रंग कालवत होते. बोलणं बंद होतं असं नाही, पण विषय बंद होता. एकदा मी चिडून म्हटलं, “तुमच्या थोरांपैकी एकालाही मासळीतलं कळत नाही.”

बाबांनी ब्रश पाण्यात ठेवला. उठून कपाटातून एक पातळ पुस्तक आणलं. जुने चिनी आणि जपानी शाईवाले. एक डोंगर, म्हणजे खरं तर डोंगराची एक कडा. एक होडी. बाकी पान कोरं.

“इतके दिवस तू काढत सुटलीस,” बाबा म्हणाले. “काय काढायचं नाही, ते ह्यांच्याकडून शीक. इथे पाणी कुठे आहे सांग.”

“कुठे काढलंय?”

“काढलेलं नाही. तरी आहे ना?”

होतं. मला पाणी दिसत होतं. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. आणि बाबा शाळेनंतर पहिल्यांदा माझ्यासमोर बसले. ब्रश कसा धरायचा, श्वास कधी सोडायचा, रेघ उचलायची कधी, हे सगळं हातात हात धरून दाखवलं. शाळेत सी ग्रेड देणारा माणूस हाच का, असं वाटावं इतक्या मायेने. त्या दिवसांत आम्ही खळ्याबद्दल एकदाही बोललो नाही. कोऱ्या जागेबद्दलच बोललो.

आणि एका सकाळी ते जमलं. वर समुद्राची एक रेघ. डाव्या कोपऱ्यात होडीच्या पुढे निघालेल्या नाळेचा एक तिरका फटका. उजवीकडे खाली एक ठिपका, म्हणजे वाकलेली बाई. मधे सगळी वाळू. न काढलेली. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. काही बोलले नाहीत. आमच्या घरात ह्याला शाबासकी म्हणतात.

काकांनाही चित्र आवडलं. “शाई कमी लागेल,” म्हणाले. खाली एकच ओळ टाकली, ‘हा किनारा कुणाचा?’, आणि भरपूर प्रती छापल्या. पत्रक कुणी फाडलं नाही! चहाच्या टपरीवर लागलं, पतपेढीच्या काचेवर लागलं. एका बंगल्यातल्या बाईंनी तर खास माणूस पाठवून दहा-बारा प्रती मागवल्या. ध्यानाच्या खोलीत लावायला.

खळ्यावर मात्र शांतता झाली नाही.

“आमी कुटं?” मावशीने विचारलं.

“हा ठिपका.”

“ही एक? आन बाकीच्या?”

“बाकीच्या ह्या मोकळ्या जागेत आहेत, मावशी. दाखवलेल्या नाहीत, पण आहेत. बघणाऱ्याला जाणवतात.”

मावशीने कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

“आमी हाव, तर मोकली कशी?”

मी तिला समजावलं. कोऱ्या जागेचं सामर्थ्य, बघणाऱ्याचा सहभाग, पौर्वात्य दृष्टी. पुस्तकातलं सगळं, सोप्या मराठीत. ती ऐकत होती आणि जवळा उलथत होती. शेवटी म्हणाली, “तू शिकलेली हायस, तुला दिसत आसंल.” मला वाटलं, तिला पटलं.

सुनावणी अलिबागला, एका सरकारी सभागृहात. आम्ही दोन टेंपो भरून गेलो. बायका नव्या पातळांत, नथी घालून, डोक्यात अबोलीचे गजरे. समोर मोठे साहेब, शेजारी नकाशा बनवणाऱ्यांकडून आलेला एक तरुण, लॅपटॉप घेऊन. आमची हरकत काकांनी वाचून दाखवली. आवाज छान लागला होता. खळ्यांचे फोटोही आम्ही दिले होते. साहेबांनी ते चाळले आणि विचारलं, “हे तुमच्याच गावचं कशावरून? वाळू तर सगळीकडे सारखीच. पाठमोऱ्या बाया, मासे. मोजणीचा काही कागद आहे? नकाशा?”

नव्हता.

मग तो तरुण उभा राहिला. सभ्य होता. आवाज चढवला नाही. “सर, समितीच्या भावनांचा आम्ही आदर करतो,” म्हणाला, आणि त्याने फाइलीतून आमचं पत्रक काढलं. माझं. “पण समितीने स्वतःच प्रसिद्ध केलेलं हे चित्र बघावं. त्यांच्याच चित्रकाराला ही जागा कशी दिसते? एक व्यक्ती. बाकी रिकामी वाळू. आमच्या नकाशात वेगळं काय आहे?”

सभागृह हसलं. साहेबही हसले, पण मनापासून चित्राकडे बघत. “सुंदर आहे,” म्हणाले. “खूप शांत वाटतं. कोणी काढलंय?”

आमच्या रांगेतल्या सगळ्या नथी एकदम माझ्याकडे वळल्या.

साहेबांनी पुढची तारीख दिली. तोवर वापराचा काही पुरावा असेल तर आणा, जागा कुणाची, कुठून कुठवर, ते दिसलं पाहिजे, नाहीतर नकाशा आहे तसा कायम होईल, असं स्पष्ट सांगितलं. खळी राहणार की जाणार, ते आता त्या तारखेवर होतं.

परतीच्या टेंपोत मला मधे बसवलं होतं. कडेचा पत्रा लागू नये म्हणून नव्हे.

“एक बाई काडली. ती पन राईएवडी.”

“ती तरी कोन? मी आसंन.”

“तू कसली? तू राईएवडी? तुला काडायला दोन कागद लागतील.”

“बाय माजी, उद्या जेवायला बोलाव आमाला. ताट मोकलं ठेव. आमी समजून घेऊ, मासं हायत.”

मला राग आला होता. त्या तरुणाचा, साहेबांचा, त्या शाईवाल्या चिनी साधूंचा. डोंगरात राहायचे लेकाचे! त्यांच्या कोऱ्या जागेवर कुणी कधी कुंपण घातलं नसेल. माणूस कोऱ्या जागेची पूजा तेव्हाच करू शकतो, जेव्हा तिच्यावर कुणाचा डोळा नसतो. हे वाक्य मला टेंपोतच सुचलं. बाबांवर वापरायचं म्हणून जपून ठेवलं.

गाव आलं. उतरताना मावशी म्हणाली, “आता सगल्यांना काड. एक पन सोडू नको.”

कपाटात एक जुना फ्लेमिश, म्हणजे बेल्जियमकडचा चित्रकार होता, त्याच्याकडे मी अजून फिरकले नव्हते. त्याचं पान उघडलं की डोळे दुखायचे. उंचावरून बघितलेलं अख्खं गाव. कुणी डुक्कर मारतंय, कुणी पाणी भरतंय, कुणी कुणाला ढकलतंय, कोपऱ्यात कुणी परसाकडे बसलंय. मुख्य माणूस कुणीच नाही. दूरची माणसंसुद्धा नीट हातपाय असलेली, आपापल्या कामात. आता तोच माणूस मला समितीत घ्यावासा वाटला.

बाबांनी पान बघून तोंड वाकडं केलं. “गर्दी. डोळ्याला विसावा कुठे आहे?”

“विसावा नकोच आहे. त्या साहेबांच्या डोळ्याला विसावा मिळाला, म्हणून तर ही वेळ आली.”

जपून ठेवलेलं वाक्यही मी म्हणून टाकलं. बाबा काही बोलले नाहीत. हे न बोलणं शाबासकीचं नव्हतं.

उंचावरून बघायचं तर उंची हवी. गावाची पाण्याची टाकी किनाऱ्यालाच आहे. तिच्या शिडीवरून मी वर गेले. ग्रामपंचायतीचा शिपाई खालून ओरडला, “ताई, उतरा! जीव देऊ नका, पिण्याचं पाणी आहे!” त्याला चित्राचं सांगितलं तेव्हा म्हणाला, मग माझी बायको तिसऱ्या रांगेत आहे, बघून घ्या.

कागद लागला प्रचंड. उरलेली पत्रकं होतीच, त्या शांत सुंदर चित्राची. पाठकोऱ्या बाजू वर करून ती एकमेकांना पिठाच्या चिकीने चिकटवली. कोऱ्या जागेचा असा उपयोग झाला. मग तो कागद मच्छीमार सोसायटीच्या शेडमधे जमिनीवर अंथरला, टाकीवरून टिपलेलं त्यावर उतरवलं: समुद्र, होड्या, सुरूची झाडं, आणि मधे दगडांच्या ओळी. नंतर एकेकीला बोलावलं, आपलं खळं दाखवायला.

ही माझी चूक म्हणता येणार नाही, कारण दुसरा मार्ग नव्हता. पण खळ्याचे दगड दरवर्षी नव्याने मांडतात. आणि दरवर्षी कुणाचातरी हात थोडा पलीकडे जातो. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही, कारण पुढच्या वर्षी आपलाही हात जाणार असतो. मी त्याचं चित्र काढायला घेतल्यावर सगळ्यांचे हात एकदम उघडे पडले.

“माजं सुरूच्या झाडापासून.”

“झाडापासून? झाड तर आमच्यात हाय!”

“झाड सरकारचं हाय, गप बस.”

“मला मोटी काड. मी मोटी हाय.”

“सगळ्या सारख्याच आकाराच्या काढते आहे.”

“का? खलं मोटं तर बाई मोटी पायजे.”

एकीला पाटल्या हव्या होत्या. एकीला नवरा नको होता, तो कधी खळ्यावर येतच नाही म्हणाली. एकीने आपल्या वारलेल्या सासूला काढायला लावलं. “खलं तिचंच हाय. मी फकस्त वापरते.” सासू कशी दिसायची विचारलं, तर म्हणाली, “रागीट.” डच गुरूंकडून शिकलेली रेघ अखेर तिथे कामाला आली.

काम अडलं ते दोन जावांपाशी. त्यांच्या खळ्यांच्या मधे हातभर रुंद पट्टा होता. मोठी म्हणे माझा, धाकटी म्हणे माझा. मी रेघ मोठीकडे ओढली की धाकटी कागदावर येऊन बसायची. धाकटीकडे ओढली की मोठी. दोन दिवस पेन्सिल आणि खोडरबर ह्यापलीकडे काही झालं नाही. कागदाला भोक पडायची वेळ आली. तारीख तोंडावर आली होती. काका म्हणाले, पट्टा गाळून टाक. पट्टा गाळला की तो कोरा राहणार होता, आणि कोऱ्या जागेचा मी धसका घेतला होता.

“दोघींना उबं कर त्याच्यावर,” मावशी म्हणाली. “भांडताना काड. खरं तेच हाय.”

मी तसं काढलं. एकीचा खराटा वर, दुसरीचे हात कमरेवर. मधल्या पट्ट्यात दोघींची पावलं एकमेकींना भिडलेली. थोरांपैकी कुणाची नक्कल नव्हती ती. दोघी समोरच उभ्या होत्या आणि पहिल्यांदाच हलत नव्हत्या.

दुसऱ्या सुनावणीला ती गुंडाळी आम्ही साहेबांच्या टेबलावर अंथरली. टेबल पुरलं नाही, कडा दोन्हीकडून बायकांनी धरल्या. साहेब चष्मा सरकवत वाकले. पहिल्यासारखं ‘सुंदर’ म्हणाले नाहीत. बोट ठेवून एकेक बघत राहिले.

“ह्या कोण? इतक्या रागावलेल्या?”

“सासू. वारल्या त्या.”

“वारल्या, मग इथे कशा?”

“मंग खलं कुनाचं हाय?” सूनबाई म्हणाल्या.

तो तरुण आजही सभ्यच होता. “सर, हे मोजमापाला धरून नाही,” म्हणाला. “माणसं आणि झाडं सारख्याच उंचीची आहेत. हे फार तर लोकचित्र म्हणता येईल. प्रत्यक्षात ह्यातली किती जागा वापरात आहे, हे कसं ठरवणार?”

साहेबांचं बोट तोवर त्या दोन जावांवर आलं होतं. “आणि ह्या दोघी काय करतायत?”

“भांडताव,” धाकटी म्हणाली. ती कागदाची एक कड धरून होती.

“कशावरून?”

“ह्यो पट्टा माजा हाय, सायेब.”

“तुजा?” दुसरी कड धरलेली मोठी म्हणाली. “सायेबांसमोर खोटं बोलतेस? सासूनं माज्या हातानं दगूड लावलाय तिथं!”

“तो दगूड तू सरकवलास! नारली पुनवंला! सगल्यांनी बगितलंय!”

“कुनी बगितलंय? हाय कोन बोलनारी?”

बोलणाऱ्या खूप होत्या. जी झाडाची होती ती झाडावर आली, जिची सासू होती ती सासूवर. कागदाच्या कडा सुटल्या. कुणी कुणाचा दगड कधी कितपत सरकवला, हे सगळं सभागृहात बाहेर पडलं, सणवारासकट. काका खुर्चीवर चढून “शिस्त! शिस्त!” ओरडत होते. मी डोळे मिटले. आंदोलन एकीने चालतं, हे मी स्वतः पत्रकात लिहिलं होतं.

साहेबांनी टेबलावर हात आपटला. शांतता व्हायला वेळ लागला. मग ते त्या तरुणाकडे वळले.

“रिकाम्या वाळूसाठी इतकं कुणी भांडतं का हो?”

तरुणाने लॅपटॉप मिटला. त्याच्या शर्टावर अबोलीचं एक फूल पडलं होतं.

जागेवर पुन्हा पाहणी झाली. ह्या वेळी कोरड्या दिवसांत, जवळा पसरलेला असताना. पाहणीवाल्यांच्या बुटांना वास लागला असणार, आमच्या पडवीपर्यंत येतो तोच. आई लग्न होऊन आल्यापासून त्या वासाबद्दल तक्रार करते आणि जवळा तिथूनच आणते. पहिलं, शाईचं चित्र बाबांनी काच घालून बाहेरच्या खोलीत लावलंय. पाहुणे म्हणतात, किती शांत. दुसरं सोसायटीच्या शेडमधे आहे. त्यावर धाकट्या जावेने नंतर बॉलपेनने एक रेघ ओढली आहे. मोठी बोलत नाही माझ्याशी. चित्रात आपल्या खराट्याच्या काड्या कमी काढल्या, असं तिचं म्हणणं आहे.

पक्का नकाशा आला तेव्हा मी त्याची झेरॉक्स घेऊन खळ्यावर धावत गेले. ‘रिकामी वाळू’ हे शब्द गेले होते. त्या जागी तिरप्या रेघा होत्या, बारीक, एकसारख्या, आणि कोपऱ्यात त्यांचा अर्थ: पारंपरिक मासळी सुकवण्याची जागा. सुरूच्या झाडापासून होड्यांपर्यंत, सगळी.

“मावशी, जिंकलो!”

मावशीने खराटा काखेत धरला, हात लुगड्याला पुसले, आणि कागद घेतला. डोळ्यांजवळ नेला. लांब नेला.

“ह्या रेगा कसल्या?”

“तुमची खळी.”

“आन आमी कुटं?”

“ह्या रेघांमध्ये.”

ती माझ्याकडे बघत राहिली. कोऱ्या जागेचं सामर्थ्य ह्यावर बोलायची माझी तयारी नव्हती.

मग तिने माझ्या वहीतला पेन ओढून घेतला, कागद मांडीवर ठेवला, जरा वेळ सुरूच्या झाडापासून अंदाज घेतला, आणि साहेबांच्या रेघांवर एक टिंब दाबून काढलं. झेरॉक्सला आरपार भोक पडलं.

“ही मी,” म्हणाली. “नथ तू काड.”